परदेशातील किशोरवयीनांसाठी बडोद्याहून मराठीतून समुपदेशन : एक अभिप्राय

माझा भाऊ नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेला तेव्हा भाची प्राथमिक शाळेत होती. आता ती पंधरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची झोप उडाली, पोट सारखे दुखू लागले, तपासण्यांत काहीच निघाले नाही आणि तिथल्या डॉक्टरांनी समुपदेशनाचा सल्ला दिला. आईवडिलांनाही मोकळेपणी बोलता यावे म्हणून मी बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका मराठी समुपदेशक बाईंची ऑनलाइन सेवा सुचवली.

बाईंनी पहिल्याच सत्रात पोट नेमके कोणत्या वेळी दुखते, हे विचारून घेतले. दुखणे जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर सुरू होत असे. लसणाच्या चटणीच्या वासाने वर्गातल्या कुणीतरी नाक धरले, तेव्हापासून आईला वाईट वाटू नये म्हणून भाची डबा शाळेतच रिकामा करून टाकत होती आणि दिवसभर उपाशी राहत होती. यावर बाईंनी चटणी बंद करायला सांगितले नाही, की संस्कृतीच्या अभिमानावर व्याख्यानही दिले नाही. डब्यात काय न्यायचे ते भाचीने ठरवावे आणि रात्री सगळ्यांनी एकत्र बसून घरचे जेवावे, एवढेच ठरले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की बाईंनी आईवडिलांनाही कामाला लावले. विम्याचे फोन आणि शाळेची पत्रे वहिनीला समजावून सांगणाऱ्या या मुलीला मैत्रिणीकडे रात्री राहण्याची मात्र परवानगी नव्हती. बाईंनी दोघांना आधी त्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला लावले, आणि मग परवानगीचा प्रश्न फार ताणला गेला नाही. या पद्धतीला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी १३ देशांतील पाच हजारांहून अधिक स्थलांतरित किशोरवयीनांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही संस्कृतींशी नाते राखणारी मुले मनाने आणि शाळेतही सर्वांत चांगली सावरलेली आढळली, तर कुठेच पाय न रोवलेल्या मुलांची स्थिती सर्वांत वाईट होती. भेदभाव जाणवणाऱ्या मुलांना हे सावरणे अवघड जात होते, असेही त्यात दिसले.

म्हणूनच बाईंचे एक म्हणणे मला पटले नाही. आपणही बडोद्यात शाळेत गुजराती आणि घरी मराठी बोलत वाढलो, असा दिलासा त्या देतात. पण गायकवाडांच्या काळापासून इथे रुजलेल्या आपल्या मुलांना कुणी परके मानत नाही, आणि भाचीला तिथे नावावरून, रंगावरून प्रश्न विचारले जातात. शाळेतील वागणुकीवर बडोद्याहून काही करता येत नाही, हे मात्र बाईंनी स्पष्ट सांगितले आणि भावाला शाळेच्या समुपदेशकांकडे पाठवले. औषधे किंवा तातडीची मदत आपल्याकडून मिळणार नाही, संकटाच्या वेळी अमेरिकेतील मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा ९८८ हा क्रमांक घरात सगळ्यांना माहीत असावा, हेही त्यांनी आरंभीच बजावले होते.

वेळेचा गोंधळ हा या सेवेचा मोठा दोष आहे. उन्हाळ्यात तिथले रात्रीचे नऊ म्हणजे इथले सकाळचे साडेसहा. नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळे मागे गेली की साडेसात. ही सूचना आधी न आल्याने एक सत्र बुडाले आणि त्याचे शुल्कही गेले. सत्रानंतर लेखी टिपण मिळत नाही, ते मिळायला हवे. भाची आता डबा खाऊन येते आणि तिची सत्रे कमी झाली आहेत. आईवडिलांची मात्र वाढवावीत, असे मी बाईंना कळवले आहे.