साठीला टेकताना घेतलेलं कंपाउंड धनुष्य: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य घरी आलं. आता श्रावण सुरू आहे. म्हणजे मुंबईत असते तेवढी थंडी, मे महिन्याचा घाम आणि अर्धा पावसाळा आम्ही दोघांनी मिळून काढलाय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती स्तुती झाली असती, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या. आता लिहायला हरकत नाही.

माझं थोडक्यात: वय ५९, बँकेतून निवृत्त, राहायला बोरिवली पूर्वेला. अकरा वर्षं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, बिनकप्प्यांचं धनुष्य, मारली. स्पर्धेत कधी चमकलो नाही, पण रविवार सहसा चुकवला नाही. माझे लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या वरच्या-खालच्या भुजा, ३४ पौंडांचे. रिकर्व्हमध्ये दोरी हनुवटीला लागली की सगळं वजन बाण सुटेपर्यंत तुमच्या हातावर राहतं. ३४ पौंड म्हणजे जवळजवळ साडेपंधरा किलो, आणि ७२ बाणांच्या फेरीत ते ७२ वेळा. अकराशे किलोच्या वर जातं. हा गुणाकार मी कधी केलाच नव्हता, सत्तावन्नाव्या वर्षी उजव्या खांद्याने करून दाखवला. शर्टाची बाही चढवताना कळ, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, लोकलमध्ये वरची कडी धरली की डोळ्यांत पाणी. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूच्या कंडरेला अर्धवट चीर निघाली. फिजिओ म्हणाली, "काका, सहा महिने दोरीला हात लावायचा नाही." मी विचारलं, "आणि मग?" तर म्हणाली, "मग बघू. पण हे वजन आता विसरा."

इथे माझे साडू गोष्टीत येतात. ते मिशिगनला असतात, वय ६६. तिकडे १ ऑक्टोबरपासून धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर असते आणि साडूभाऊ गेली वीसेक वर्षं ती करतात. मूळचे सदाशिव पेठेतले, त्यामुळे पुण्याला फोन केला की अजूनही "जरा रानात फिरायला जातो" एवढंच सांगतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. तो मिटला हे मला मान्य आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसाने वेगळं काही म्हणूही नये. पण म्हातारपणी धनुष्य कसं चालू ठेवायचं, याचा जेवढा विचार या शिकारी मंडळींनी केलाय तेवढा आम्ही कागदावर बाण मारणाऱ्यांनी केलेला मला दिसला नाही. कारण उघड आहे. आमचा बाण चुकला तर दहाचे सात होतात. त्यांचा चुकला तर जनावर जखमी होऊन रात्रभर रानात पडून राहतं.

साडूभाऊंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "खुर्चीवर बसून, पाय जमिनीवरून उचलून, धनुष्य सरळ समोर धरून ओढता येतं का?" मी म्हटलं, उभ्यानेच धड ओढता येत नाही. ते म्हणाले, "मग ते वजन तुमचं नाहीच. कधीच नव्हतं." आपण जड धनुष्य ओढताना ते आधी आभाळाकडे उचलतो आणि पाठ-कंबर-पाय सगळं झोकून खाली आणत आणत ओढतो. ही चोरी. पाय अधांतरी असले की ती करता येत नाही. बसल्या बसल्या, संथपणे, धनुष्य न हलवता जेवढं ओढता येतं तेवढंच आपलं. ही परीक्षा मी रेंजवरच्या तिशीतल्या पोरांनाही घ्यायला लावली. निम्मे नापास झाले. निकाल त्यांना आवडला नाही.

स्वतः साडूभाऊ ६० पौंडांवरून ४५ वर आलेत. झाडावरच्या मचाणावर चढणं सोडून जमिनीवरच्या तंबूत बसतात, कारण तिकडे मचाणावरून पडून मोडणारे खूप. बाण पूर्वीपेक्षा जड घेतलाय आणि टोकाला उघडझाप करणारं पातं काढून साधं दुपाती पातं लावलंय. कमी ताकदीच्या धनुष्याला तेच आत घुसतं. वीस यार्डांपलीकडे मारत नाहीत. "जवळ येईपर्यंत बसायचं. नाही आलं तर घरी जायचं," असं म्हणाले.

तर धनुष्य. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सांगतोय ते या जातीच्या कुठल्याही धनुष्याला लागू पडेल. पाच पौंडांपासून सत्तरपर्यंत ताण फिरवता येतो असं, शिकाऊ मंडळींसाठी बनवलेलं कंपाउंड. नेम धरायची साइट, बाण टेकवायची रेस्ट, घोडा दाबला की दोरी सोडणारं रिलीज, सहा बाण आणि कडक पेटी धरून ५५ हजार गेले. होलेस विल्बर ॲलन या मिझुरीतल्या शिकाऱ्याने रिकर्व्हची टोकं कापून तिथे कप्प्या बसवल्या आणि १९६९ साली त्याला पेटंट मिळालं, तिथून ही जात सुरू झाली. त्याला बाण वेगात हवा होता. खांदे वाचले तो फुकटचा फायदा.

वाचतात कसे, तर ओढताना मध्यावर पूर्ण ताण लागतो आणि मग कॅम, म्हणजे टोकाची कप्पी, उलटून वजन एकदम गळतं. याला लेट-ऑफ म्हणतात. माझं धनुष्य आज ३६ पौंडांवर लावलंय, लेट-ऑफ ७५ टक्के. शेवटी हातात राहतात ९ पौंड, चार किलोच्या आसपास, म्हणजे भाजीची भरलेली पिशवी. रिकर्व्हवर तीन सेकंदांत माझा हात थरथरायला लागायचा. इथे दहा सेकंद धरून, श्वास सोडून, नीट बघून मारता येतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला श्वास कोंडून ओढायची गरज उरली नाही, ही मला सगळ्यात मोठी सोय वाटते.

रिकर्व्हवाले जुने मित्र नाकं मुरडतात, "यंत्र आहे हो ते." असू दे. आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली ती याच यंत्रावर, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५०पैकी १५० मारले. आणि तिरंदाजीची जागतिक संघटनाही रिकर्व्हवाल्यांना पन्नाशीनंतर ७० मीटरचे ६० करून देतेच की. वयाला सूट सगळेच घेतात, मी कप्पीची घेतली.

आता शिव्यांचा भाग. धनुष्य ओढता येतं म्हणजे ते परत उतरवता येतं असं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीतली गोष्ट. मी पूर्ण ओढून उभा, आणि एक लहान मुलगा चेंडूमागे थेट टार्गेटच्या दिशेने पळत आला. बाण न सोडता दोरी परत न्यायची होती. रिकर्व्हमध्ये वजन हळूहळू कमी होत जातं, सोपं असतं. कंपाउंडमध्ये उलट. हातात ९ पौंड असतात, दोरी जरा पुढे गेली की कॅम उलटतो आणि ३६ पौंडांचा हिसका एकदम खांद्याला बसतो. पिसाळलेलं कुत्रं साखळीला ओढ देतं तसा. तेव्हा तर मी हौसेने ४० वर लावलं होतं. बाण सुटला नाही, पोरगं सुखरूप, पण माझा हात दोन आठवडे गळ्यातल्या झोळीत.

त्यानंतर मी ताण थेट ३० वर आणला. वरचा आणि खालचा दोन्ही लिंब-बोल्ट सारखेच सैल करायचे, एक फेरा कमी-जास्त नको. आणि महिनाभर फक्त ओढून उतरवण्याचा सराव केला. बाण लावलेला, बोट घोड्यापासून लांब, तोंड टार्गेटकडेच, ओढा, पाच मोजा, उतरवा. बघणाऱ्यांना वाटायचं काका विसरले मारायला. जेवढं वजन हिसका न खाता उतरवता येईल तेवढ्यावरच बाण मारायचा, असा आता माझा नियम आहे. दर महिन्याला थोडं वाढवत जूनमध्ये ३६ वर आलो आणि तिथेच थांबलो. साडूभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, हरीण दहापैकी नऊ वेळा शेवटच्या क्षणी वळून जातं. आम्ही मारण्यापेक्षा उतरवतोच जास्त."

मापाचंही सांगून ठेवतो. कंपाउंडला ओढण्याची लांबी धनुष्यातच ठरवलेली असते. एका जागी भिंत लागते, त्यापुढे दोरी जात नाही. दुकानदाराने मला साडेअठ्ठावीस इंच लावून दिलं, माझ्या जुन्या रिकर्व्हच्या हिशेबाने. पण वयाने पाठ थोडी वाकली, खांदे पुढे आले, आणि ते माप मला मोठं झालं. धनुष्याचा हात कोपरात ताठ होऊन खांदा कानाकडे चढायचा. पंख्याखाली भिंतीला टेकून दोन्ही हात पसरले, बायकोने टेपने मोजलं, अडीचने भागलं: साडेसत्तावीस. एक इंच कमी केल्यावर मानेचं दुखणं आठवड्यात गेलं. दुकानदाराला दोष देत नाही. मीच त्याला दहा वर्षांपूर्वीचा माणूस सांगितला होता.

डोळे. चाळिशी लागलेल्याला साइटची पिन आणि टार्गेट एकाच वेळी स्पष्ट दिसणं संपलं. त्यात माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा. मान वळवून धनुष्यामागून बघताना नजर काचेच्या कडेतून जाते आणि पिवळं वर्तुळ लंबगोल होतं. लांबच्या नंबराचा साधा, मोठ्या काचेचा वेगळा चष्मा करून घेतला. टार्गेट स्पष्ट, पिन थोडी धूसर. ती धूसरच राहू द्यायची, तिच्या मागे लागायचं नाही. दोरीत बसवलेल्या, ज्यातून बघायचं त्या पीपचं छिद्रही बदललं. वयाबरोबर डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी उघडत नाही, त्यामुळे लहान छिद्रातून पावसाळी संध्याकाळी काळोखच दिसायचा. आता पाव इंची छिद्र आहे. अचूकता किंचित गेली असेल, पण निदान दिसतं तरी.

बोटांना रिलीजमुळे आराम. टॅबमधून, म्हणजे बोटांवरच्या चामड्याच्या तुकड्यातून, तीन बोटांवर दोरी धरून माझा मधल्या बोटाचा सांधा सुजायचा, ती सूज गेली. मनगटाला पट्टा आणि तर्जनीला घोडा, एवढंच. अंगठ्याने दाबायचा प्रकार जास्त चांगला म्हणतात; माझ्या अंगठ्याचा सांधा सकाळी आखडतो, म्हणून मी त्या फंदात पडलो नाही.

मुंबईत हे बाळगणं मात्र त्रासाचं. रिकर्व्हचे तीन तुकडे होऊन पाठीवरच्या पिशवीत जायचे, लोकांना वाटायचं काका योगा मॅट घेऊन चाललेत. कंपाउंड सुटं होत नाही. कडक पेटी मिळून पाचेक किलो, आणि बोरिवलीच्या पुलावर रविवार असला तरी गर्दी ती गर्दीच. स्टेशनवर दोनदा पेटी उघडून दाखवावी लागली. दुसऱ्या वेळी हवालदारसाहेबांनी ओढून बघू का विचारलं. नाही म्हणालो, कारण बाण न लावता दोरी सोडली तर लिंब फुटू शकतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ठरलेला प्रश्न, "बिबट्या मारायला?" आता मी नुसता हसतो. साइट आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी पुढची दांडी) यांच्यासकट धनुष्याचं स्वतःचं वजन अडीच किलोच्या घरात जातं आणि ते सगळं डाव्या खांद्यावर. उजवा वाचवायच्या नादात डावा दुखायला लागला, तेव्हा लांब स्टॅबिलायझर काढून टाकला.

हवेचा त्रास वेगळाच. जूनमध्येच साइटच्या स्क्रूंना तांबूस गंज चढला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, दर पंधरवड्याला दोरीला मेण, कॅमच्या आसाला तेलाचा थेंब. दोरी बदलायची तर लिंब दाबून धरणारा प्रेस लागतो, तो घरी नसतो. रिकर्व्हची दोरी मी टीव्ही बघता बघता चढवायचो.

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चाळीस बाण. पूर्वी शंभर मारायचो. मधल्या दिवशी रबरी पट्ट्याचे व्यायाम, फिजिओने शिकवलेले, कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायचा. कंटाळवाणे आहेत आणि ते बुडवले की चौथ्या दिवशी खांदा आठवण करून देतो. एक गोष्ट साडूभाऊंकडून उचलली. ते तंबूत दोन-दोन तास गारठून बसतात आणि मग एकच बाण मारायचा असतो, सरावाची फेरी कुणी देत नाही. म्हणून मी अंग मोकळं करतो, पण दिवसाच्या पहिल्याच बाणाचे गुण वहीत वेगळे लिहितो. वीस मीटरवर फेब्रुवारीत ते सहा-सात असायचे, जुलैत बहुतेक नऊ. चाळीस बाणांच्या बेरजेपेक्षा माझा या आकड्यावर जास्त भरवसा आहे. हात बसल्यावर सगळेच सुधारल्यासारखे वाटतात.

कुणी घ्यावं? खांदा किंवा बोटं कुरकुरायला लागलीत आणि रेंज घराजवळ आहे, त्याने. रोज लोकलने जायचं असेल तर आधी रिकर्व्हचेच २४ पौंडांचे लिंब लावून बघा. दहाव्या हिश्शाच्या खर्चात निम्मं दुखणं कमी होईल. फक्त बाणही बदला. जुने बाण हलक्या लिंबांना ताठ पडतात आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचे डावीकडे जातात. माझी रिकर्व्ह तशी करून भाचीला दिली आहे.

३४ पौंडांचे लिंब मात्र पडून आहेत. मध्यम मापाचे, आयएलएफ नावाच्या जोडणीचे, पंचवीस इंची रायझरवर (मधल्या मुठीच्या भागावर) अडुसष्ट इंच होतात, पीळ नाही, चीर नाही. हवे असतील तर कळवा. पण येताना खुर्चीवर बसून, पाय उचलून ओढून दाखवावं लागेल.