साखर, गूळ की गोळी : गोडवा बदलण्याआधी पाहायच्या गोष्टी

बेळगाव, चिकोडी, अथणी, हुक्केरी या उसाच्या पट्ट्यात पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणे अजूनही बरे समजले जात नाही. संकेश्वरच्या हिरण्यकेशीपासून उगारपर्यंत कारखाने उभे असलेल्या या भागात साखर हे खाण्यापुरते प्रकरण नाही, घराघरांतले उत्पन्न त्यावर चालते. अशा घरात कोणाला ‘शुगर’ निघाली किंवा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले, की तीन सल्ले मिळतात: साखर सोडून गूळ घाला, औषधाच्या दुकानातून साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्या आणा, किंवा फिका चहा प्यायला शिका. यांतला कोणता सल्ला कोणाला लागू पडतो, हे ठरवण्याआधी आपल्या पोटात दिवसाला साखर किती जाते, याचा हिशेब घालावा लागतो.

साखरेच्या सपाट चमच्यात चार ते पाच ग्रॅम साखर बसते आणि एका ग्रॅममागे चार कॅलरी मिळतात. दिवसाला चार कप आणि कपामागे दोन चमचे धरले, तर 32 ते 40 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 130 ते 160 कॅलरी नुसत्या चहातून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि ती 5 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण 25 ग्रॅमपर्यंत आणता आली तर अधिक चांगले, असे सुचवले. वरचा चहा ही दुसरी मर्यादा एकटाच ओलांडतो. शिरा, कुंदा, बिस्किटे हे सगळे त्यानंतरचे. याउलट दिवसाला एकच कप, तोही एका चमच्याचा, पिणाऱ्याने गोळी घेतली तर वीसेक कॅलरी वाचतात. तेवढ्यासाठी चव बिघडवून घेण्यात अर्थ नाही.

गुळाबद्दल आपल्याकडे मायेने बोलले जाते आणि गुऱ्हाळावरच्या ताज्या गुळाची चव पाहता ते समजण्यासारखे आहे. मात्र वजन आणि रक्तशर्करा या दोन बाबतींत गूळ साखरेचाच सख्खा भाऊ आहे. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी असतात आणि तेवढ्याच गुळात त्याहून थोड्याच कमी, कारण गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. त्यातले लोह आणि इतर क्षार खरे आहेत, पण चहापुरत्या दहा-पंधरा ग्रॅमांतून ते मिळून मिळून किती मिळणार? शिवाय ‘गूळच आहे’ म्हणून खडा जरा मोठाच पडतो. चवीसाठी गूळ जरूर निवडावा. मधुमेहावरचा उपाय म्हणून निवडू नये.

गोळीच्या बाबतीत पहिली अडचण ही, की ‘गोळी’ हा एक पदार्थ नाही. अस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड असते, सुक्रालोज सुमारे 600 पट, तर सॅकरिन 300 ते 400 पट गोड असूनही मागे कडवट चव ठेवते. स्टीव्हियाच्या पानांतून काढलेले शुद्ध घटक 200 ते 300 पट गोड असतात आणि त्यांना ज्येष्ठमधासारखी एक मागची चव असते, जी काहींना अजिबात चालत नाही. अस्पार्टेम उष्णतेने विघटित होऊन गोडवा गमावते. आपल्याकडे साखर आधणातच पडते, त्या सवयीने अस्पार्टेमची गोळीही पातेल्यात टाकली तर ती बरीचशी वाया जाते. चहा गाळून कपात घेतल्यावर ती टाकावी. सुक्रालोज आणि स्टीव्हिया चहाच्या उकळीला टिकतात. फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात विकार असलेल्यांनी अस्पार्टेम घ्यायचेच नाही, आणि गरोदरपणात सॅकरिन टाळावे असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो.

आता वजनाचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत कमी नीट वाचले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन नियंत्रणाचे साधन म्हणून हे गोडकारक वापरू नयेत, अशी शिफारस केली, तेव्हा ‘गोळ्या घातक’ असा तिचा अर्थ अनेकांनी लावला. शिफारस सशर्त स्वरूपाची होती आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नव्हती, हे मात्र बातम्यांत मागे पडले. या शिफारशीमागच्या आढाव्यात दोन प्रकारचे पुरावे होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जात होते. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या, बहुतांशी थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत गोडकारक घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे 0.7 किलोने कमी भरले, आणि हा फायदा मुख्यतः साखरेशी तुलना केली तेव्हाच दिसला. अनेक वर्षे नुसते निरीक्षण केलेल्या मोठ्या गटांत मात्र गोडकारक घेणाऱ्यांत लठ्ठपणा, टाइप 2 मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळले. यातला पेच असा, की वजन वाढलेला किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेला माणूसच गोळीकडे आधी वळतो. त्यामुळे गोळीने आजार आला की आजाराच्या भीतीने गोळी आली, हे निरीक्षणातून सुटे करता येत नाही. प्रयोगांचे पारडे मला अधिक विश्वासाचे वाटते, पण ते दाखवतात तो फायदाही किलोभराच्या आतलाच आहे.

आपल्या चहाला सर्वांत जवळचा पुरावा चेन्नईचा आहे. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या 2024 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टाइप 2 मधुमेह असलेल्या प्रौढांच्या चहा-कॉफीतली साखर बारा आठवडे काढून तिच्या जागी सुक्रालोज दिले गेले. तीन महिन्यांची सरासरी शर्करा दाखवणाऱ्या एचबीएवनसी या तपासणीत हा गट आणि साखरच घेत राहिलेला गट यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. सुक्रालोजच्या गटाचे वजन मात्र सुमारे 0.3 किलोने उतरले आणि कमरेचा घेरही किंचित घटला. म्हणजे चहातला गोडवा बदलल्याने नुकसान दिसले नाही, आणि भात-भाकरीचे प्रमाण तेच ठेवून नुसत्या गोळीच्या भरवशावर शर्करा आटोक्यात येईल ही आशाही फोल ठरली.

गोळीचा शर्करेवर काहीच परिणाम होत नाही, असेही सरसकट म्हणता येत नाही. इस्रायलमधील वाइझमान संस्थेच्या 2022 च्या प्रयोगात 120 निरोगी प्रौढांना दोन आठवडे वेगवेगळे गोडकारक दिले, तेव्हा सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता काहीशी बिघडली. अस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत तसे दिसले नाही. आतड्यातल्या जिवाणूंमधला बदल हे त्यामागचे कारण मानले गेले आणि तो बदल माणसागणिक वेगळा होता. प्रयोग थोड्या काळाचा होता, त्यामुळे एवढ्यावरून गोळी फेकून देण्याची गरज नाही. ग्लुकोमीटर घरात असेल तर गोळी सुरू करण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

कर्करोगाची भीती थोडक्यात निकालात काढता येते. जुलै 2023 मध्ये अस्पार्टेमला ‘कदाचित कर्ककारक’ अशा 2बी गटात टाकले गेले, ते मर्यादित पुराव्यावरून; त्याच वेळी अन्नातील मिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे दिवसाला 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. एका चमचा साखरेएवढा गोडवा देणाऱ्या गोळीत अस्पार्टेम वीसेक मिलिग्रॅम असते, तेव्हा साठ किलोच्या माणसाला ती मर्यादा गाठायला दिवसाला शंभराहून अधिक गोळ्या लागतील.

‘शुगर-फ्री’ मिठाईकडे मात्र संशयानेच पाहावे. कुंद्यातली साखर काढली तरी खवा उरतोच, आणि शंभर ग्रॅम खव्यात चारशेच्या आसपास कॅलरी असतात. करदंटातून गूळ वजा केला तरी सुकामेवा आणि तूप कायम राहतात. शिवाय दूध-साखर आटवताना कुंद्याला येणारा रंग आणि दाणा चिमूटभर गोडकारकाने साधत नाही, म्हणून साखरेची जागा भरायला सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल हे साखरेसारखे भरीव गोड पदार्थ वापरले जातात. त्यांत साखरेच्या निम्म्याच्या वर कॅलरी असतात आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. वर्षातून चार वेळा खरा कुंदा छोट्या वाटीने खाणे मला ‘शुगर-फ्री’ कुंदा आठवड्याला खाण्यापेक्षा बरे वाटते.

मुलांसाठीचा हिशेब वेगळा आहे. नेदरलँड्समध्ये 641 मुलांवर दीड वर्ष केलेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज 250 मिलिलिटर साखरी पेय घेणाऱ्यांचे वजन सरासरी 7.37 किलोने आणि बिनसाखरेचे पेय घेणाऱ्यांचे 6.35 किलोने वाढले. गोड पेय द्यायचेच असेल तर साखरेपेक्षा गोडकारक बरे, एवढे यातून कळते. पण निकोप मुलाला मुळात ते पेय हवे कशाला? ताक आणि पाणी घरात असताना तो पर्याय उघडण्याची गरज मला दिसत नाही.

म्हणून निवड अशी करता येईल. मधुमेह आहे आणि दिवसाला सहा-आठ चमचे साखर सुटत नाही, अशा माणसाने गोळी घ्यावी, मात्र घरातली साखर सगळी बाहेर काढू नये, कारण इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही औषधांमुळे शर्करा अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर तिथे खरी साखरच लागते: तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून. गोडकारकाची गोळी त्या वेळी निरुपयोगी आहे. केवळ वजन उतरवायचे असणाऱ्याने दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत जाणे अधिक टिकाऊ ठरते. जिभेला सवय होते आणि गोळीवरचे अवलंबित्वही येत नाही.

खरेदी करताना पुढच्या बाजूचे हिरवे पान पाहून फसू नये. ‘स्टीव्हिया’ लिहिलेल्या पुडीत वजनाने बहुतांश भाग एरिथ्रिटॉल, डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचा असू शकतो, आणि यांतले शेवटचे दोन थेट रक्तशर्करा वाढवतात. मागची बारीक इंग्रजी अक्षरे वाचणे जड जात असेल तर घटकांच्या यादीतले मिश्रकांचे नुसते क्रमांक शोधावेत: 951 म्हणजे अस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रालोज, 960 स्टीव्हियाचे घटक आणि 968 एरिथ्रिटॉल.