जेसीबी घ्यावा की पोकलेन? खर्च तासावर नको, घनमीटरवर मोजा

डिझेलच्या आकड्यावरून बरेच जण फसतात. 76 एचपीचा बॅकहो, म्हणजे आपला जेसीबी, तासाला साधारण 5 लिटर पितो. 20 टनी पोकलेन, म्हणजे चेनवर चालणारा मोठा खोदाई यंत्र, 13-14. लिटर 90 रुपयांनी धरला तर साडेचारशे आणि बाराशे. पण जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये पाव घनमीटर माती मावते, पोकलेनच्या बकेटमध्ये जवळपास एक. डिझेल पावणेतीनपट, माती चौपट. शेततळं, तलावातला गाळ, मोठा पाया असली सलग खोदाई असेल तर पोकलेनच स्वस्त पडतो.

गणित बिघडतं ते हलवाहलवीत. जेसीबी स्वतःच्या टायरवर गावोगाव फिरतो: सकाळी पाइपलाइनचा चर, दुपारी मुरूम भरायला. पोकलेनला दरवेळी ट्रेलर लागतो, आणि दोन तासांच्या कामातून ते भाडं सुटत नाही.

ऑइल-फिल्टरचा खर्च दोघांनाही चुकत नाही. खरा फरक मशीनच्या खालच्या भागात, चेन आणि टायरमध्ये आहे. पोकलेनच्या एकूण दुरुस्तीतला अर्ध्याच्या आसपास पैसा चेन, रोलर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), आयडलर (दुसऱ्या टोकाचं चाक) यांतच जातो. काळ्या चिकण मातीत गाळ स्प्रॉकेटच्या दातांत घट्ट बसतो, चेन आपोआप ताणली जाते आणि पिन-बुश (सांध्यातली पिन आणि ती जिच्यात फिरते ती नळी) भराभर झिजतात. म्हणून चिखलात चेन थोडी सैल ठेवायची आणि संध्याकाळी गाळ खरवडायचा. सुकल्यावर तो निघत नाही. चेनचा ताण ग्रीसच्या दाबावर असतो; ते ग्रीस सोडून चेन सैल करताना व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नये आणि आपलं तोंड व्हॉल्व्हसमोर धरू नये. आत दाब प्रचंड असतो.

जेसीबीचं दुखणं पिन-बुशचं. दर 10 तासांनी ग्रीस हवंच. ते चुकलं की आधी बुश जातो, मग पिन, मग बूमचं (बकेटच्या मोठ्या हाताचं) भोकच लंबगोल होतं. तिथून पुढे नवा बुश टाकून भागत नाही. वेल्डिंग भरून बोअरिंग करावं, म्हणजे भोक पुन्हा गोल कापून घ्यावं लागतं. जुना घेताना मागची बकेट जमिनीपासून वीतभर उचलून आडवी हलवून बघा. खटखट आली तर भाव तिथेच पाडा.

काम काळ्या पाषाणातलं, ब्रेकर (दगड फोडणारा हायड्रॉलिक हातोडा) लावून असेल तर जेसीबीचा विचार सोडा. ब्रेकरचा हादरा थेट किंगपोस्टवर, म्हणजे मागचा बूम ज्यावर डावी-उजवीकडे फिरतो त्या जोडावर बसतो, शिवाय धारदार दगडांनी टायर फाटतात. पोकलेन टिकतो, पण ब्रेकरवर हायड्रॉलिक ऑइल नेहमीच्या मुदतीच्या बरंच आधी बदलावं लागतं. ते खर्चात धरूनच तासाचा दर ठरवा.