‘मान्यता आहे’ म्हणजे नेमकी कशाला?

पतसंस्थेच्या वसुली विभागात मला अकरा वर्षं झाली. कर्जदाराचा चेक परत आला की बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे भरायला, ते उलटले की महिन्याभरात कोर्टात फिर्याद. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चं हे गणित मी झोपेतही सांगेन. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे वसुली दाखल्यांचे प्रस्तावही मीच तयार करते. आमचे वकीलसाहेब त्यांच्यावरून नजर फिरवतात आणि सही करतात. एकदा ते हसत म्हणाले, “ताई, अर्धी वकिली तुम्हीच करताय, सनद तेवढी माझी.” ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

हे आधी सांगते, कारण मला कागद वाचता येत नव्हते म्हणून मी फसले असं झालेलं नाही. कागद वाचणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

बी.कॉम. झालेलं, वय ३७, नोकरी सोडणं शक्य नाही, घरी शाळेत जाणारा मुलगा. मोबाइलवर ‘पदवीनंतर घरबसल्या एलएलबी’ असं शोधलं आणि नंबर टाकला. दहा मिनिटांत फोन. समोरची मुलगी अतिशय गोड बोलणारी, स्वतःला ‘करिअर कौन्सेलर’ म्हणवणारी. मी घाबरत पहिला प्रश्न वयाचाच विचारला. ती म्हणाली, “मॅडम, रेग्युलर कॉलेजला तिशीची अट आहे. म्हणून तर तुमच्यासारख्यांसाठी डिस्टन्स.” मला पटलं, कारण अशी अट असल्याचं कुठेतरी वाचलेलं होतं. अट खरोखर होतीही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या, म्हणजे बार कौन्सिलच्या, २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० वर्षांची मर्यादा होती. ती पुन्हा लागू करायला निघाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली, एवढं मात्र त्या मुलीने सांगितलं नाही. माझं बी.कॉम. बाहेरून केलेलं, तर त्यावरही तिचं उत्तर तयार होतं: “बाहेरून पदवी असली की रेग्युलर लॉ मिळत नाही.” यातही अर्धंच खरं. दहावी, बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्यांना अडचण येते. बारावी होऊन बाहेरून पदवी घेतली असेल तर ती चालते.

पुढे दीड वर्ष हेच चाललं. त्या लोकांनी धादांत खोटं फार कमी सांगितलं. मी एक विचारायची आणि ते शेजारच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचे.

तिने सांगितलेल्या अभ्यासकेंद्रावर गेले तेव्हा तिथल्या संचालकांनी फाइल पुढे ठेवली. वर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीचं पान, परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाच्या नावावर पिवळा मार्कर फिरवलेला. “ही युजीसी मान्यता.” त्याखाली विधिज्ञ परिषदेचं पत्र. “आणि ही बार कौन्सिलची.” दोन्ही कागद अस्सल होते, मी नंतर पडताळले. पहिला सांगतो की हे विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेलं आहे. तिथला कुठला अभ्यासक्रम कशा पद्धतीने चालतो याच्याशी त्या कागदाचा काही संबंध नाही. दुसरं पत्र त्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाच वर्षांच्या नियमित अभ्यासक्रमाचं होतं, आणि त्याची मुदतही संपलेली होती. मुदतीची ओळ दुसऱ्या पानावर होती. माझ्यापुढे फोटोकॉपी होती ती पहिल्या पानाची. कर्जदार गहाणखताचं एकच पान घेऊन आला तर मी त्याला दारातून परत पाठवते. इथे मी मान डोलावली आणि चहा घेतला.

जून २०२३ मध्ये ३२,००० रुपये भरले. जुलै २०२४ मध्ये आणखी ३२,०००. मध्ये परीक्षा शुल्क म्हणून दोनदा ६,०००. एकूण ७६,०००. पैसे गेले ते संचालकांच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयने, “विद्यापीठाचं पोर्टल सध्या बंद आहे” म्हणून. पावतीवर अभ्यासक्रमाचं नाव नव्हतं, विद्यापीठाचंही नव्हतं. ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढेच शब्द. प्रवेशपत्रावर ‘बॅचलर ऑफ जनरल लॉज’ असं छापलेलं पाहून मी विचारलं होतं. उत्तर आलं, “दोन वर्षं हे, तिसऱ्या वर्षाला थेट एलएलबीत लॅटरल.” जनरल लॉज ही पदवी काही विद्यापीठं पूर्वी पत्राद्वारे देत असत. ज्ञानासाठी ठीक, पण तिच्यावर सनद मिळत नाही. आणि वकिलीच्या अभ्यासक्रमात असं मधूनच शिरायला दार नाही.

आता लाजेची गोष्ट. परीक्षा म्हणजे घरी लिहायच्या उत्तरपत्रिका. करार कायद्याची मी रात्री जागून लिहिली, चोवीस पानं. कौटुंबिक कायद्याच्या वेळी मुलाला ताप होता, लिहिणं राहून गेलं. कोरी उत्तरपत्रिका कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून राहिली. दोन महिन्यांनी गुणपत्रिका आली. करार कायदा ६१, कौटुंबिक कायदा ५८. जी उत्तरपत्रिका माझ्या कपाटात होती, तिला ५८ गुण. त्या दिवशी मी केंद्र गाठायला हवं होतं. मला मात्र हायसं वाटलं. नवऱ्याला गुणपत्रिका दाखवली आणि आम्ही रात्री बाहेर जेवलो. ‘हजेरी नाही’ या दोन शब्दांत जे आमिष होतं ते मला हवंच होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भांडं फुटलं जानेवारी २०२५ मध्ये. मी वकीलसाहेबांना म्हटलं, तुमच्याकडे इंटर्नशिप करू का? तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवडे लागतात, हे मी वाचलं होतं. ते खूश झाले. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, “कॉलेज कुठलं? ऑफिस सांभाळून हजेरी कशी भरता?” मी म्हटलं, डिस्टन्स आहे. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“ताई, डिस्टन्सने सनद मिळत नाही हो.”

मी फाइल काढली, मार्करवालं पान दाखवलं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. कपाटातून नियमांचं पुस्तक काढून माझ्यापुढे उघडं ठेवलं. प्रत्येक विषयाच्या तासांना ७० टक्के हजेरी, त्यातच अभिरूप न्यायालय, म्हणजे सरावाचे खटले, आणि प्रात्यक्षिकं. फार तर ६५ टक्क्यांपर्यंत कारण दाखवून सवलत. पुस्तक मिटून ते एवढंच म्हणाले की, युजीसीच्या दूरशिक्षण नियमांतही कायद्याचा अभ्यासक्रम वैद्यकीय आणि अभियांत्रिकीबरोबर वर्ज्य यादीत आहे. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघंही गप्प होतो. बाहेर शिपाई एका थकबाकीदाराला बसायला सांगत होता.

विद्यापीठाला मी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र लिहिलं, सोबत ओळखपत्राची आणि गुणपत्रिकेची प्रत. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या राज्यात आमचं अभ्यासकेंद्र नाही; सदर नोंदणी क्रमांक आमच्या अभिलेखात आढळत नाही. हे पत्र मी ७६,००० रुपये भरण्याआधी लिहिलं असतं तर पोस्टाच्या खर्चात भागलं असतं.

केंद्रावर गेले तेव्हा संचालकांचा आवाज जराही चढला नाही. “मॅडम, पावती वाचा. आम्ही मार्गदर्शन दिलं. विद्यापीठ काय करतं त्याला आम्ही कसे जबाबदार?” पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी वाद आहे. वकीलसाहेबांनी मग मजकूर नीट बांधून लेखी तक्रार दिली. पहिला हप्ता २०२३ चा, म्हणून भारतीय दंड संहितेचं फसवणुकीचं कलम ४२०. दुसरा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणजे नवा कायदा लागू झाल्यावरचा, म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. बनावट गुणपत्रिकेची कलमं वेगळी. एकाच ठकाला दोन कायदे लागतात याची त्यांना फार मौज वाटली. मला तेव्हा वाटली नव्हती.

ज्या शब्दांमागे तो माणूस लपला होता, त्याच शब्दांत तो अडकला. परीक्षा घेणारं, पदवी देणारं विद्यापीठ हे ग्राहक कायद्यातलं ‘सेवा पुरवठादार’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महर्षि दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटलं आहे. त्यामुळे तिथे विद्यापीठावर दावा लावणं अवघड. पण हा गृहस्थ तर स्वतःच्या सहीने सांगत होता की मी विद्यापीठ नाही, मी मार्गदर्शन विकतो. वकीलसाहेब म्हणाले, मग सेवा विकली, आणि खोटी विकली. ग्राहक तक्रारीला मुदत दोन वर्षांची. सावधगिरी म्हणून आम्ही ती पहिल्या पैशापासून मोजली, तर जून २०२५ पर्यंतच वेळ होता. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. यूपीआयच्या नोंदी, पावत्या, व्हॉट्सॲपवरचे ‘सनद शंभर टक्के’ असे संदेश, आणि कपाटातली ती कोरी उत्तरपत्रिका अशी सगळी जंत्री जोडून नोटीस पाठवली. व्हॉट्सॲपवरचं कुणी काही पुसू नका. मी रागाच्या भरात तो संवाद काढून टाकायला निघाले होते, नवऱ्याने हात धरला म्हणून वाचला.

नोटीस गेल्यावर नवव्या दिवशी फोन आला. ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली होती. तडजोड ठरली: २६,००० लगेच खात्यावर, उरलेल्याचे २५,००० चे दोन चेक, दोन महिन्यांच्या अंतराने. वकीलसाहेबांनी बजावलं की सगळे पैसे पदरात पडेपर्यंत तक्रार मागे घेतल्याच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. मी केली नाही.

दरम्यान खरा रस्ता पाहिला. तो काही गुप्त नव्हता. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची तीन वर्षांच्या एलएलबीची प्रवेश परीक्षा, मग केंद्रीय प्रवेश फेऱ्या. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. शिवाय सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीचं शुल्क कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. माझ्या केंद्राने ‘सनद प्रक्रिया’ म्हणून वेगळे १८,००० सांगून ठेवले होते, ते भरायची वेळ आली नाही. अडचण आहे ती हजेरीची. सकाळच्या सत्राचं कॉलेज मिळालं तर साडेअकराला ऑफिस गाठता येईल का, यावर आमच्या व्यवस्थापकांशी माझी बोलणी चालू आहेत. नाहीच जमलं तर सायबर कायद्याची किंवा सहकार कायद्याची एखादी पदविका करीन. तशी पदविका बाहेरून घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त तिच्यावर काळा कोट चढत नाही, हे घेताना ठाऊक असलं म्हणजे झालं.

पहिला चेक वटला. दुसरा मी मुदतीच्या दिवशी सकाळी भरला आणि चौथ्या दिवशी बँकेतून मेमो आला: फंड्स इनसफिशियंट. असे मेमो मी आजवर शेकड्यांनी हाताळले असतील. कोपऱ्यात आवक तारीख घातली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसावा दिवस गोल केला आणि दुपारच्या सुट्टीत नोटीस टाइप करायला बसले. वकीलसाहेबांनी वाचली, एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली. नोटीस त्याला परवा मिळाली. आज त्याच्या पंधरापैकी दुसरा दिवस आहे.