पार्शल कवळीखाली लोकेटर: पकडीपेक्षा टेका महत्त्वाचा

खालच्या जबड्यातल्या दोन्हीकडच्या दाढा गेल्या आणि पुढचे दात शाबूत असले, की नुसती कास्ट पार्शल (धातूच्या सांगाड्याची, काढता येणारी अर्धवट कवळी) मनासारखी बसत नाही. पुढे ती दातांवर टेकते, मागे मऊ हिरडीवर. घास चावला की मागची बाजू दबते आणि क्लास्प, म्हणजे दाताला धरणारी आकडी, शेवटच्या दाताला पिळत राहतो. पहिल्या किंवा दुसऱ्या दाढेच्या जागी दोन्हीकडे एकेक इम्प्लांट घालून त्यावर झेस्ट कंपनीचं लोकेटर अटॅचमेंट लावलं, तर हे दबणं थांबतं. लोकेटर म्हणजे इम्प्लांटवर अबटमेंट नावाची धातूची गुंडी, आणि तिच्यावर बसणारी कवळीतली टोपी: बाहेर धातूचं हाउसिंग, आत नायलॉनचा इन्सर्ट. पुढे दिसणारा क्लास्पही बऱ्याचदा वगळता येतो.

लोकेटरची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याची कमी उंची. तरीही इम्प्लांटच्या माथ्यापासून समोरच्या दातापर्यंत साधारण साडेआठ मिमी जागा हवीच. ती नसेल तर हाउसिंगवरचं अ‍ॅक्रिलिक पातळ राहतं आणि तिथेच तडकतं. कोबाल्ट-क्रोमची जाळी हाउसिंगभोवती फिरवून घ्यायला लॅबला आधीच सांगावं, नंतर जाळी कापून जागा करू नये.

मोजपट्टी लावायची ती कोनाला. साधे इन्सर्ट दर इम्प्लांटला 10 अंशांपर्यंतचा तिरकेपणा सोसतात. पूर्ण कवळीत दोन इम्प्लांट एकमेकांना समांतर असले की भागतं. पार्शल घालण्या-काढण्याचा मार्ग मात्र उरलेल्या दातांवरच्या गाइड प्लेन (एकमेकींना समांतर केलेल्या सपाट बाजू) ठरवतात, त्यामुळे कोन त्या मार्गापासून मोजायचा. दोन्ही इम्प्लांट एकमेकांना अगदी समांतर, पण दोन्ही जिभेकडे झुकलेले असतील, तर कवळी घालता-काढताना नायलॉन एकाच कडेला घासून जातं. म्हणून सर्जिकल गाइड (इम्प्लांट कुठे, कोणत्या कोनात घालायचा ते दाखवणारा साचा) पार्शलच्या डिझाइननंतरच बनवावा. कोन जास्त असेल तर हिरवे, नारिंगी, लाल इन्सर्ट 20 अंशांपर्यंत चालतात. त्यांना मधला खुंट नसतो, पकड फक्त बाहेरून मिळते.

अबटमेंटची कड हिरडीच्या सुमारे 1 मिमी वर राहील अशी कफ-उंची (अबटमेंटच्या हिरडीतून जाणाऱ्या भागाची उंची) निवडावी. टॉर्क (अबटमेंट पिळून घट्ट करण्याचा जोर) बहुतेक इम्प्लांटना 30 न्यूटन-सेंटीमीटर, पण आपल्या इम्प्लांटच्या कंपनीचा आकडा आधी पाहावा.

हाउसिंग कवळीत पक्कं करताना हमखास चूक होते. अबटमेंटवर आधी पांढरं रबरी कडं, त्यावर काळ्या इन्सर्टसह हाउसिंग. कवळीतला खड्डा हाउसिंगला कुठेही टेकत नाही ना, हे तपासावं. जिभेच्या बाजूने एक भोक ठेवलं की जादा रेझिन तिथून निघून जातं. रेझिन घट्ट होईपर्यंत पुढचे रेस्ट (दातांवर टेकणारे धातूचे टेके) बोटाने दाबून धरावेत. पेशंटला चावायला मुळीच सांगू नये. चावल्याने हिरडी दबलेल्या अवस्थेत हाउसिंग पक्कं होतं, मग हिरडी वर आली की रेस्ट दातावरून उचलले जातात.

आता इन्सर्टची पकड. पारदर्शक 5 पौंडांचा, गुलाबी 3 चा, निळा दीडचा. आमचं मत ठाम आहे: पार्शलला निळ्यापासूनच सुरुवात करावी. क्लास्प आणि गाइड प्लेनची पकड आधीच असते. पारदर्शक घातला तर वयस्कर पेशंटला कवळी काढताच येत नाही आणि ओढाताणीत सगळा ताण इम्प्लांटवर येतो.

इन्सर्ट हा झिजणारा भाग आहे, तो बदलण्याचा खर्च डॉक्टरांनी आधीच सांगावा. कवळी बोटांनी बसवावी, दातांनी चावून नव्हे, त्याने इन्सर्टची कड चिरडते. अबटमेंटच्या माथ्यावरच्या खळग्यात अन्न अडकून दगडासारखं कडक होतं आणि कवळी पूर्ण खाली बसत नाही. रोज रात्री मऊ ब्रशने तो खळगा घासावा. कवळीला टूथपेस्ट नको, साबण-पाणी पुरे.

दर सहा महिन्यांच्या तपासणीत कवळीची मागची बाजू दाबून पाहावी. पुढचा रेस्ट उचलला तर हाड झिजलंय. नवा इन्सर्ट घातल्याने कवळी डुलायची थांबत नाही. आधी रिलाइन करावी, म्हणजे कवळीची आतली बाजू हिरडीला नव्याने जुळवून घ्यावी, इन्सर्ट त्यानंतर.