तुलनेच्या प्रश्नांसाठी जीमॅटचं जुनं ऑफिशियल गाइड घ्यावं का?

नोव्हेंबर 2023 मध्ये एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेचं फोकस एडिशन हे नवं रूप आलं आणि इंग्रजी वाक्यं सुधारायला लावणारा सेंटेन्स करेक्शनचा प्रश्नप्रकार त्या परीक्षेतून गेला. 31 जानेवारी 2024 नंतर जुनी परीक्षा बंदच झाली. व्हर्बलमध्ये, म्हणजे भाषेच्या विभागात, आता क्रिटिकल रीझनिंग आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन एवढंच उरलंय. म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच सरावपुस्तकातला, जुन्या ऑफिशियल गाइडमधला, सेंटेन्स करेक्शनचा जाडजूड भाग जीमॅट देणाऱ्याला निरुपयोगी झाला. पण एसएससी सीजीएल, आयबीपीएस किंवा सीडीएस अशा सरकारी नोकरी, बँक आणि सैन्यदलाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्याला, विशेषतः ज्याचे मार्क इंग्रजीतल्या कम्पॅरिझनच्या, म्हणजे तुलनेच्या, प्रश्नांत जातात त्याला, हा भाग आजही घेण्यासारखा आहे. नवी प्रत शोधत बसू नका. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा ऑनलाइन 2017 ते 2020 दरम्यानची जुनी प्रत मिळाली तर पुरे. फक्त पानांवर आधीच्या मालकाने पेनाने उत्तरं लिहिलेली नाहीत ना, ते बघून घ्या. आतला ऑनलाइन प्रश्नसंचाचा कोड बहुधा वापरलेला असतो, त्याचे पैसे मोजू नका.

पुस्तकाचं बळ चुकीच्या पर्यायांत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच सरावपुस्तकांत चुकीचा पर्याय म्हणजे ‘मोर बेटर’ किंवा ‘ॲज टॉल दॅन’. तो वाचताक्षणी खटकतो, त्यातून काही शिकायला मिळत नाही. इथे वाक्याचा काही भाग अधोरेखित असतो आणि त्याला पाच पर्याय असतात, पहिला मूळ वाक्यासारखाच, आणि उरलेल्यांपैकी निदान दोन कानाला अगदी बरोबर वाटतात. कान बाजूला ठेवून कशाची कशाशी तुलना चाललीय ते तपासावंच लागतं.

मराठी मुलांना नेमकं इथेच नडतं. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ हे आपलं वाक्य चोख आहे, ‘मुंबईच्या हवेपेक्षा’ म्हणायची गरज कुणाला वाटत नाही. तेच इंग्रजीत ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई’ झालं की हवेची तुलना शहराशी होते आणि मार्क जातो. हवं असतं ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’. नाम अनेकवचनी असेल तर ‘दोज ऑफ’: ‘द रोड्स ऑफ पुणे आर नॅरोअर दॅन दोज ऑफ नागपूर’.

एवढं कुठलाही क्लास शिकवतो. मग मुलं ‘दॅट ऑफ’ दिसलं की डोळे मिटून टिक करतात, आणि ही सवय हे पुस्तक मोडतं. पुस्तकातल्या घाटाचं एक वाक्य घ्या: ‘अनलाइक कोकण, द रेनफॉल इन मराठवाडा इज स्कँटी.’ कोकणाशेजारी पाऊस बसलाय, म्हणून चूक. पर्यायांत ‘मराठवाडाज रेनफॉल इज स्कँटी’ असेल तर तो सगळ्यात फसवा. स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द मराठवाडा असल्यामुळे जोडी जमल्यासारखी वाटते, पण कर्ता अजूनही रेनफॉलच आहे. बरोबर होतं ते ‘मराठवाडा गेट्स स्कँटी रेनफॉल’. आता ‘अनलाइक दॅट ऑफ कोकण, मराठवाडा गेट्स...’ हा पर्याय बघा. ‘दॅट ऑफ’ आहे, तरी चूक, कारण पुढे प्रदेश आहे आणि मागे पाऊस. अधोरेखित भाग कुठला, यावर दुरुस्ती ठरते. ‘अनलाइक कोकण’ अधोरेखित नसेल तर तो तसाच राहणार, म्हणून त्याच्याशी जुळणारा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यायला हवा. अधोरेखित न केलेला भाग आधी वाचायचा, ही शिस्त या पुस्तकाइतकी कुठे लागत नाही.

‘लाइक’ आणि ‘ॲज’चा सरावही चांगला होतो. पुढे नुसतं नाम असेल आणि साम्य दाखवायचं असेल तर ‘लाइक’, क्रियापदासकट उपवाक्य असेल तर ‘ॲज’, आणि उदाहरणं द्यायची असतील तर ‘सच ॲज’. ‘दॅन’नंतरच्या क्रियापदाकडेही पुस्तक बारीक लक्ष देतं. ‘रवी ट्रस्ट्स मीना मोर दॅन सुरेश’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. ‘दॅन सुरेश डज’ म्हटलं की सुरेश विश्वास ठेवणारा, ‘दॅन ही ट्रस्ट्स सुरेश’ म्हटलं की विश्वास सुरेशवर. ‘दॅन डिड द ओल्डर मॉडेल’ अशी उलटी रचना ऐकायला विचित्र वाटते म्हणून मुलं ती आधी खोडतात, पण ती शुद्ध आहे. ‘हायर कम्पेअर्ड टू’ मात्र खोडायचंच, ‘हायर’नंतर ‘दॅन’ हवा.

आता उणिवा. उत्तरांच्या स्पष्टीकरणावर पॅरलेलिझम (समान रचना), लॉजिकल प्रेडिकेशन (कोणता शब्द कशाबद्दल आहे), इडियम (रूढ शब्दप्रयोग) असे शिक्के आहेत, पण कम्पॅरिझनचा वेगळा शिक्का नाही. तुलनेचे प्रश्न या सगळ्यांत विखुरलेले आहेत, ते स्वतःच वेचावे लागतात. पेन्सिल घेऊन एकदा सगळा भाग चाळा आणि वाक्यात ‘दॅन’, ‘ॲज’, ‘लाइक’, ‘अनलाइक’, ‘कम्पेअर्ड’ दिसलं की खूण करा. मग ते प्रश्न सलग सोडवा. पर्याय वाचण्याआधी समासात दोनच शब्द लिहा, याची तुलना त्याच्याशी. या एका सवयीने निम्मे पर्याय उडतात. स्पष्टीकरणं प्रत्येक पर्यायावर आहेत, पण कोरडी आहेत. पाया कच्चा असेल तर ती वाचून गोंधळ वाढेल, तेव्हा आधी साधं व्याकरण पक्कं करा.

दुसरी उणीव एसएससीवाल्यांसाठी मोठी आहे. ‘सुपीरिअर टू’, ‘सीनिअर टू’, ‘प्रेफर टू’, ‘द टॉलर ऑफ द टू’, ‘टॉलर दॅन आय’ ही आपल्याकडची हमखास येणारी मंडळी इथे फारशी भेटत नाहीत. ‘एनी अदर’चा सरावही वेगळा करा: ‘मुंबई इज बिगर दॅन एनी अदर सिटी इन महाराष्ट्र’ मध्ये ‘अदर’ हवाच, कारण मुंबई त्याच गटात आहे. ‘एनी सिटी इन गोवा’ म्हणताना मात्र ‘अदर’ चालणार नाही. त्यासाठी एसएससीच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या. तिथे चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बऱ्याचदा ‘नो इम्प्रूव्हमेंट’. वाक्य मुळात बरोबर असू शकतं हे डोक्यात ठेवण्याची सवय ऑफिशियल गाइडच्या पहिल्या पर्यायामुळे आधीच लागलेली असते.

वेळेचं गणितही बदलून घ्या. जुन्या जीमॅटला व्हर्बलचे 36 प्रश्न 65 मिनिटांत होते, आयबीपीएस पीओ पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला 40 सेकंद. गाइडमधली वाक्यं तीन-चार ओळींची असतात, त्यांना 40 सेकंदांचं घड्याळ लावू नका. पहिल्या फेरीत दोन मिनिटं द्या, घड्याळ मागच्या प्रश्नपत्रिकांसाठी ठेवा. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात, बँक आणि एसएससीसाठी पहिले दोन-तृतीयांश पुरतात. शेवटच्या टप्प्यातली वाक्यं अर्थाच्या इतक्या बारीक छटांवर उभी आहेत, की त्यांच्यावर घालवलेला वेळ त्या परीक्षांत मार्क होऊन परत येत नाही.