सीपॅप मशीन, ८ महिन्यांनंतर: वय ६७, माजी सैनिक, मिशीसकट

सीपॅप म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबतो त्या आजारावरची, स्लीप अ‍ॅप्नियावरची, मशीन. आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २६ वर्षं काढली, नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो, मग पुण्यात एका कंपनीत सिक्युरिटीला ११ वर्षं, त्यातली निम्मी नाइट. फौजेत कॉलर साडेपंधरा इंच होती, आज सतरा, आणि जाड मान ही या आजाराची एक खूण असते. घोरणं बराकीतच सुरू झालेलं पण तिथं कोण विचारतंय, वीसातले आठ घोरायचे आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याला एलएमजी, म्हणजे लाइट मशीनगन, म्हणायचे. मला म्हणायचे. घोरणारा गाढ झोपतो एवढंच आम्हाला ठाऊक.

मग गेल्या वर्षी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी उतरलो, सुरूर फाट्याच्या अलीकडे गाडी डावीकडे जायला लागली, शेजारून मंडळी "अहो!" म्हणून ओरडल्या तेव्हा डोळे उघडले. दुपारचे चार वाजलेले, जेवण पण हलकंच होतं. घरी आल्यावर तिनं पोराला सांगितलं की तुझे बाबा रात्री श्वास घ्यायचे थांबतात, मी हलवून जागं करते. दोन वर्षं हे करत होती आणि मला बोलली नव्हती, कारण बोलली असती तर मी काय उत्तर दिलं असतं ते तिला माहीत होतं.

स्लीप स्टडी घरीच झाली, छातीला पट्टा, बोटाला क्लिप, नाकाशी नळी. एएचआय ४१ आला. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, आणि एकेक वेळ किमान १० सेकंदांची धरतात. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, वर गंभीर. ऑक्सिजन एका वेळी ७४ ला गेलेला. मी डॉक्टरांना म्हटलं साहेब, श्वास थांबताना मी सियाचीनला पाहिलाय, माझ्या बडीचा, म्हणजे जोडीदार जवानाचा, थांबायचा, मग एकदम हुंदका दिल्यासारखा सुरू व्हायचा. ते म्हणाले तो प्रकार वेगळा, उंचीवर श्वासाचा ताल बिघडतो आणि मेंदूच मधेमधे हुकूम द्यायचा थांबतो. तुमचा मेंदू हुकूम देतोय, गेट बंद आहे. झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून वाट बुजते. हे मला पटकन समजलं.

आता मशीन. छोट्या रेडिओएवढी ऑटो सीपॅप आहे, म्हणजे दाब आपणच कमीजास्त करते, कंपनीचं नाव लिहीत नाही. ही ऑक्सिजन देत नाही बरं का, गावात सगळ्यांना तसंच वाटतं. खोलीतलीच हवा दाबानं आत सोडते आणि त्या दाबानं घसा उघडा राहतो. माझं दाबाचं सेटिंग ६ ते १४, बहुतेक रात्री ११ च्या आसपास जाते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरनं १९८१ मध्ये हा उपाय पहिल्यांदा मांडला. आवाज पंख्यापेक्षा कमी, त्याबद्दल तक्रार शून्य.

तक्रार आहे ती मास्कची. मशीनला दहातले नऊ देईन, पहिल्या मास्कला दोन. डीलरनं तोंड आणि नाक झाकणारा मोठा मास्क दिला, मापबिप काही नाही, म्हणे सवय होईल साहेब. सवय कसली, माझ्या मिशीवर तो बसेचना, रात्री दोन वाजता मिशीखालून फुर्रर्र हवा सुटायची आणि ती थेट डोळ्यांत. पट्टे आवळले तर सकाळी नाकाच्या दांडीवर जखम. शिवाय मी रात्री कवळी काढून ठेवतो, त्यानं गाल आत जातात आणि मास्कची कड उचलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तीन आठवड्यांनी आरशात बघून माझं मलाच कळलं. पोरगं म्हणालं बाबा मिशी काढा. अरे, रिक्रूट असल्यापासूनची मिशी आहे ती. शेवटी नाकपुड्यांत बसणाऱ्या उशीचा मास्क घेतला, मिशीची वरची कड दोन दोरे कमी केली, आणि तोंड उघडं पडतं म्हणून हनुवटीचा पट्टा लावला. त्या रात्री सलग सहा तास. मशीन कुठलीही घ्या, मास्क मात्र आडवं होऊन, कवळी काढून, दाब सुरू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

फरक काय पडला म्हणाल तर सगळ्यात मोठा फरक लघवीचा. रात्री चार-पाच वेळा उठायचो, प्रोस्टेट समजून दोन वर्षं गोळी खाल्ली. डॉक्टरांनी सांगितलं की घसा बंद असताना छाती जोरात ओढते, त्यानं हृदयाच्या वरच्या कप्प्याला ताण बसतो, त्याला वाटतं अंगात पाणी जास्त झालं आणि ते किडनीला पाणी काढायचा निरोप धाडतं. आता एकदा उठतो, कधी तेही नाही. आमच्या वयाचे निम्मे लोक हे प्रोस्टेटच्या नावावर खपवत असतील असं मला वाटतं. प्रोस्टेट असतोच, पण दोन्ही तपासा.

बीपी तीन गोळ्यांवरही १६० च्या खाली येत नव्हता, आता दोन गोळ्यांवर १३५. पण खरं सांगायचं तर मशीननं बीपी सरासरी दोन-तीन पॉइंटच उतरतो असं डॉक्टर म्हणाले, माझा जास्त उतरला त्यात सहा किलो वजन कमी झाल्याचा पण हात आहे. स्लीप अ‍ॅप्नियावाल्यांत हृदयाचे ठोके अनियमित होणं, लकवा, शुगर हे सगळं जास्त दिसतं. पण मशीन घेतली म्हणजे अटॅक टळला असं कुणी विकायला लागलं तर विश्वास ठेवू नका. आधीच हृदयाचा किंवा लकव्याचा त्रास असलेल्या २७०० वर लोकांवर एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात सीपॅपनं पुढचे अटॅक काही कमी दिसले नाहीत. मात्र ती माणसं रात्रीचे सरासरी तीन-साडेतीन तासच मास्क लावत होती. आणि गोम अशी की स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि बऱ्याच जणांचा घसा तेव्हाच जास्त बंद होतो, म्हणजे तीनला मास्क काढून फेकला की नेमकी वाईट वेळ उघड्यावर. मी पण पहिले दोन महिने हेच केलं.

रमचं बोलायलाच पाहिजे. कँटीनचा कोटा असतो, दोन पेग झाले की झोप छान लागते असं मी चाळीस वर्षं मानलं. मशीनचं अ‍ॅप रोज सकाळी एएचआयचा आकडा दाखवतं, एरवी माझा ३ येतो, दोन पेगच्या रात्री ९. दारूनं घसा आणखी सैल पडतो. आकडा समोर बघितला म्हणून पटलं, मंडळींनी सांगून कधी पटलं नव्हतं. आता महिन्यातून दोनदा, तेही जेवणाच्या बरंच आधी. झोपेच्या गोळीचं पण तसंच, मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

किरकोळ त्रास: थंडीत नळीत पाणी साचून हुक्क्यासारखी गुडगुड होते, नळीला जुन्या पायजम्याचं कापड शिवून घातलं, थांबली. ह्युमिडिफायरला, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या डब्याला, डिस्टिल्ड पाणीच, बोअरचं घातलं तर आठवड्यात पांढरा थर. लाइट गेली की मशीन बंद, त्यामुळे ती इन्व्हर्टरच्या पॉइंटवर. सेकंडहँड घेत असाल तर मॉडेल नंबर तपासा, जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आतल्या फोममुळे लाखो मशीन परत मागवल्या होत्या. आणि ईसीएचएसवाल्यांनो, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतल्यांनो, आधी पॉलिक्लिनिकला जाऊन काय कागद लागतात ते विचारा, मशीन आणून मग बिल नाचवू नका.

माझा एक बॅचमेट आहे, काश्मीरमध्ये बरंच बघितलेला, अजून रात्री ओरडत उठतो. त्यालाही हेच निघालं, पण मास्क लावला की जीव घुसमटून तो ओरबाडून काढायचा. त्याला टेक्निशियननं सांगितलं, दिवसा टीव्ही बघताना नुसता मास्क लावून बसा, मशीन बंद, वीस मिनिटं. महिनाभर बसला बातम्या बघत. आता चार तास झोपतो.

पुढच्या महिन्यात बेळगावला आमच्या बॅचचा मेळावा आहे, एका हॉलमध्ये बारा जण. मशीन घेऊन जाणार, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणलाय. ग्रुपवर टाकलंय की येताना शिंप्याची टेप आणा, सगळ्यांच्या माना मोजायच्या आहेत.